देवाच्या फुलाची गुणसूत्रे

महाशिवरात्रीला भंडारा जिल्ह्यातल्या गायमुखच्या यात्रेत महादेवाला बेलासोबत धोत्रा वाहिला जातो. धोत्रा सहसा कोणी मुद्दाम लावत नाही. उकिरड्याच्या काठी, पडक्या भिंतीच्या आडोशाला, रस्त्याच्या कडेच्या चरीत तो आपसूक उगवतो. तो विषारी आहे, गुरेढोरे त्याला तोंड लावत नाहीत, तरी शंकराला तो प्रिय मानला जातो. याच झाडाच्या भावकीने विसाव्या शतकातल्या वनस्पतिशास्त्राला दोन मोठे धडे दिले. अमेरिकेत आल्बर्ट ब्लेकस्ली यांनी धोत्र्याच्या एका जातीच्या अभ्यासात उमेदीची वर्षे घालवली. कोल्चिसिन या द्रव्याने वनस्पतीची गुणसूत्रे हवी तेव्हा दुप्पट करता येतात, हे त्यांनी आणि एमॉस एव्हरी यांनी १९३७ मध्ये दाखवले. पुढे १९६४ मध्ये दिल्ली विद्यापीठात शिप्रा गुहा आणि सतीशचंद्र माहेश्वरी यांनी धोत्र्याच्या दुसऱ्या एका जातीचे परागकोश काचपात्रात वाढवले. परागातून, म्हणजे निम्म्या गुणसूत्रांच्या भांडवलावर, भ्रूण उभे राहतात हे त्या प्रयोगाने प्रथमच दिसले. शंकराच्या फुलावर माणसाने आधी दुप्पट केली आणि मग निम्मे. त्यानंतर गुणसूत्रे दुप्पट करण्याचे तंत्र ऑर्किड, जरबेरा, लिली, शेवंती अशा शोभेच्या फुलांकडे गेले आणि आज ते फुलांच्या व्यापाराचा नित्याचा भाग आहे. त्यातून एक प्रश्न उरतो आणि तो शास्त्रज्ञांपुरता नाही. केवळ आपल्या डोळ्यांना बरे दिसावे म्हणून एका सजीवाच्या पेशीतले गुणसूत्रांचे गणित बदलण्याचा अधिकार माणसाला कुठून मिळतो? आणि असे बदललेले फूल देवापुढे ठेवताना ठेवणाऱ्याच्या हातून काही अपराध घडतो का?

उत्तराकडे जाण्याआधी प्रत्यक्षात काय केले जाते ते समजून घ्यायला हवे, कारण या विषयातली बरीच भीती आणि बराच उत्साह दोन्ही अर्धवट माहितीवर पोसलेले आहेत. पेशी विभागण्यापूर्वी आपल्या गुणसूत्रांची दुसरी प्रत तयार करते. मग तर्कूचे तंतू त्या प्रती दोन टोकांकडे ओढतात आणि मध्ये भिंत पडून दोन पेशी होतात. कोल्चिसिन हे तंतू ज्या प्रथिनापासून बनतात त्यालाच चिकटते. तर्कू उभा राहत नाही, ओढायला कोणी नसते, आणि दोन्ही प्रती एकाच पेशीत राहून जातात. औषध धुऊन टाकले की पेशी पुन्हा विभागू लागते, पण आता दुप्पट गुणसूत्रे घेऊन. वाढत्या रोपाच्या शेंड्यावर हे औषध लावले तर काही पेशी दुप्पट होतात, काही जुन्याच राहतात आणि झाड मिश्र निघते. म्हणून हे काम आता टिश्यू कल्चरमध्ये करतात. साखर, क्षार, जीवनसत्त्वे आणि संप्रेरके घातलेल्या निर्जंतुक माध्यमावर पेशींचा गोळा किंवा कोवळे कोंब वाढवायचे, त्यांना काही तास किंवा काही दिवस कोल्चिसिन अथवा ओरायझलिन या तणनाशकाच्या द्रावणात ठेवायचे आणि त्यातून फुटणाऱ्या कोंबांतले खरोखर दुप्पट झालेले निवडायचे. बरेच कोंब मरतात. जे जगतात त्यांची पाने जाड, पर्णरंध्रे मोठी, पाकळ्या भरदार असू शकतात, आणि काही वेळा फूल फुलदाणीत अधिक दिवस टिकते. वाढ मात्र बहुधा मंदावते. इथे बाहेरचे कुठलेही जनुक आत घातले जात नाही. आहे त्याचीच आणखी एक प्रत ठेवली जाते. शिवाय औषधाविनासुद्धा, नुसत्या पेशींच्या गोळ्यातून रोपे वाढवताना गुणसूत्रांत आपोआप फेरफार होतात, हे १९८१ पासून या शास्त्रात रीतसर नोंदलेले आहे. बरणीत वाढवणे हीच एक ढवळाढवळ आहे.

फुलाचे पावित्र्य त्याच्या गुणसूत्रांच्या संख्येत असते, ही समजूत आपल्या देवघरातच टिकत नाही. गणपतीला एकवीस दूर्वा वाहतात. दूर्वांमध्ये अठरा गुणसूत्रांच्या वनस्पती आहेत आणि छत्तीस गुणसूत्रांच्याही आहेत. ही दुप्पट गवताच्या इतिहासात कोणाच्याही हाताविना घडली. जुडी बांधणाऱ्याला त्यांतली कोणती कोणती हे कळत नाही आणि देवाने कधी भेद केल्याचे ऐकिवात नाही. सत्यनारायणाच्या चौरंगाला बांधलेले केळीचे खुंट आणि प्रसादातले केळे त्रिगुणित, म्हणजे गुणसूत्रांच्या तीन संचांचे आहे, त्याची गुणसूत्रे तेहेतीस. म्हणूनच त्यात बी धरत नाही आणि केळ माणसाने मुनवे लावल्याशिवाय वाढत नाही. देवाच्या गंधात मिसळायचे केशरही त्रिगुणित आणि वांझ. बागेतली शेवंती बहुधा सहा पट, चौपन्न गुणसूत्रांची. नैवेद्याच्या पुरणपोळीतला गहू तीन वेगळ्या गवतांच्या संकरातून झालेला, बेचाळीस गुणसूत्रांचा. आणि झेंडू तर मुळात इथला नव्हेच. तो मेक्सिकोतून समुद्रामार्गे आला, आणि काही शतकांत असा मुरला की त्याच्या तोरणाविना दसरा होत नाही. त्याची मोठ्या फुलाची जात चोवीस गुणसूत्रांची, छोटी फ्रेंच जात अठ्ठेचाळीस, आणि दोहोंच्या संकरातून निघणारी छत्तीस गुणसूत्रांची जात बी धरत नसल्याने अखंड फुलत राहते. जो म्हणेल की बदललेल्या गुणसूत्रांचे फूल देवाला चालत नाही, त्याला गणपतीच्या दूर्वांपासून दसऱ्याच्या तोरणापर्यंत सगळे पुन्हा तपासायला लागेल. परंपरेने या बाबतीत कधी मूळ प्रकृतीचा दाखला मागितला नाही. गीतेच्या नवव्या अध्यायात पान, फूल, फळ, पाणी यांचा उल्लेख येतो तेव्हा अट एकच घातली आहे, ती देणाऱ्याच्या भक्तीची.

यावर एक सरळ आक्षेप येतो. दूर्वा आणि गहू आपोआप घडले. प्रयोगशाळेत माणूस मुद्दाम घडवतो, आणि तो सृष्टिकर्त्याच्या जागी बसू पाहतो. आक्षेप गंभीर आहे आणि आपल्याकडे त्यासाठी प्रतिसृष्टीची कथाही आहे. वाल्मीकींच्या बालकांडात त्रिशंकूसाठी विश्वामित्र दक्षिणेच्या आकाशात नवी नक्षत्रे निर्माण करू लागतात, पुढे नवा इंद्रही घडवायला निघतात, आणि देव घाबरून त्यांच्याकडे येतात. पण या कथेचा शेवट नीट पाहावा. देव त्या नक्षत्रांचा नाश करत नाहीत. ती राहतील असे मान्य होते, विश्वामित्र पुढचे थांबवतात, आणि जुन्या आकाशाला धक्का लागत नाही. आक्षेप निर्मितीला नव्हता, जुन्याला हटवून त्याच्या जागी नवे बसवण्याला होता. निर्मिती हा केवळ ईश्वराचा मक्ता आहे हा विचार आपल्या परंपरेत इतका पक्का नाही, जितका तो इतरत्र आहे आणि जितका आपण आज तिथून उसना घेतो. भंडाऱ्याच्या मातीशी नाते असलेल्या एका दर्शनाचे उदाहरण घेऊ. चक्रधरस्वामींच्या अगदी जवळच्या शिष्यांपैकी निळभट्ट भांडारेकार यांचे नावच भंडाऱ्याचे. महानुभाव तत्त्वज्ञानात जीव, देवता, प्रपंच आणि परमेश्वर हे चार नित्य पदार्थ एकमेकांपासून स्वतंत्र मानले आहेत. त्या चौकटीत गुणसूत्र प्रपंचात पडते, जीवात नव्हे. प्रपंचाची मांडणी बदलली म्हणून जीवाचे स्वरूप बदलत नाही. त्यामुळे कोल्चिसिनने कोणी आत्म्याशी खेळ केला असे या दर्शनाच्या आधाराने म्हणता यायचे नाही. पण याच पंथाने किडामुंगीपर्यंत अहिंसेचा कटाक्ष धरला, हेही तितकेच खरे. शरीर जड आहे म्हणून त्याचे काहीही करावे, असा निष्कर्ष त्यांनी काढला नाही आणि आपणही काढू नये.

सर्वांत अवघड आक्षेप जैन विचाराचा आहे, आणि त्याला मान दिल्याशिवाय हा विषय पुढे नेणे अप्रामाणिक ठरेल. जैन दर्शन वनस्पतीला एकेंद्रिय जीव मानते. तिला स्पर्श आहे, म्हणून दुखापतही आहे. वनस्पतींचे त्यांनी दोन वर्ग केले. ‘प्रत्येक’ नावाच्या वर्गातल्या वनस्पतीत एका शरीरात एक जीव असतो. ‘साधारण’ वर्गातल्या वनस्पतीत एका शरीरात अनंत जीव. कंदमुळे या दुसऱ्या वर्गातली, आणि ती वर्ज्य असण्यामागे हेच कारण आहे. आता टिश्यू कल्चरने दाखवलेली गोष्ट यासमोर ठेवून पाहावी. पानाचा छोटासा तुकडा, योग्य माध्यम मिळाले तर, शेकडो पूर्ण रोपे देऊ शकतो, कारण वनस्पतीच्या जिवंत पेशीत बहुधा पूर्ण झाड होण्याची क्षमता शाबूत असते. म्हणजे ज्याला आपण एक झाड म्हणतो ते किती होते? साधारण वनस्पतीबद्दल जैन आचार्यांनी जे म्हटले, त्याची छाया इथे अनपेक्षितपणे बरणीत दिसते. याने ते मत सिद्ध होत नाही. आधुनिक शोधाला जुन्या ग्रंथाचा पुरावा बनवण्याची आपली सवय वाईट आहे, आणि ती ग्रंथाचाही अपमान करते. पण झाडाची एकसंध व्यक्ती अशी सोपी कल्पना मोडून पडते, हे मान्य करावे लागते. महाभारताच्या शांतिपर्वात भृगू भरद्वाजाला सांगतात की वृक्ष ऐकतात, पाहतात, वास घेतात. वनस्पतीला सजीव आणि संवेदनशील मानणारी ही धारा जैनांपुरती मर्यादित नव्हती. तर मग कोल्चिसिनच्या द्रावणात मरणाऱ्या कोंबांचे काय? जैन श्रावकाला पूर्ण अहिंसा शक्य नाही हे ते दर्शन जाणते. म्हणून ते हिंसेची पायरी लावते: किती इंद्रियांच्या जीवाची, किती गरजेपोटी, किती जाणूनबुजून. धानाच्या पेरणीत, रोवणीत, कापणीत हिंसा आहे. ती पोटासाठी आहे. फुलाचा आकार वाढवण्यासाठी मारलेले कोंब त्या पायरीवर खाली येतात. मला हा मुद्दा पटतो. साकोलीच्या संशोधन केंद्रात धानाचा नवा वाण तयार करणाऱ्याला आणि फुलदाणीसाठी लिली फुगवणाऱ्याला एकच नैतिक सूट देता येत नाही. शोभेच्या बाबतीत जाब अधिक कडक असला पाहिजे. पण जाब कडक असणे म्हणजे बंदी नव्हे. सौंदर्याची ओढ ही निव्वळ चैन आहे असे जैनांनाही वाटले नाही, नाहीतर त्यांच्या मंदिरांच्या छतांवर इतक्या पाकळ्यांची कमळे कोरली गेली नसती.

हेतू शुद्ध असला की पुरे, असे म्हणून इथे सुटता येईल का? बौद्ध विचारात कर्माचे मूळ चेतनेत, म्हणजे हेतूत, ठेवले आहे, आणि हा विचार या जिल्ह्याला परका नाही. वैनगंगेच्या काठी पवनीला १९६९-७० च्या उत्खननात मोठ्या स्तूपाचे अवशेष निघाले, तिथल्या एका शिल्पपटावर मुचलिंद नागराजाचे नाव कोरलेले आहे, आणि आजही विदर्भाच्या गावागावांत बुद्धाच्या मूर्तीपुढे फुले वाहताना ती कोमेजतील याचे स्मरण केले जाते. फूल वाहणे हे तिथे देवाला खूश करण्यासाठी नसून अनित्यतेचे मनन आहे. त्या दृष्टीने फुलदाणीतले आयुष्य चार दिवसांनी वाढवण्याचा आटापिटा थोडा विचित्र वाटतो, पण पापमूलक वाटत नाही. हेतूचा निकष मोलाचा आहे, तरी तो एकटा पुरत नाही, आणि याचा पुरावा भंडाऱ्याच्या तलावांत तरंगतो आहे. हा तलावांचा जिल्हा. गोंड राजांच्या काळात कोहळी समाजाने बांधलेले आणि पुढे मालगुजारांकडे गेलेले हजारो तलाव आणि बोड्या इथे आहेत. आजही लोक त्यांना मामा तलाव म्हणतात. त्यांतल्या अनेकांना बेशरमने वेढले आहे, काहींवर जलपर्णीची जाजमे पसरली आहेत. दोन्ही दक्षिण अमेरिकेकडची. जांभळ्या फुलांची शोभा म्हणून जलपर्णी जगभर हौसेने नेली गेली. बेशरमही शोभेसाठी आणि कुंपणासाठी आली. जंगलात माजलेली घाणेरी, जिला इकडे रायमुनिया म्हणतात, तीही बागेतूनच सुटलेली. यांतल्या कोणाच्या पेशीला प्रयोगशाळेचे बोट लागून ती इथे आली नव्हती, आणि लावणाऱ्यांचा हेतू निर्मळ होता. तरी तलाव आटले, मासे कमी झाले, ढिवरांची जाळी अडकली. उलट अमेरिकेत फ्लोरिडामध्ये घाणेरीच्या त्रिगुणित, वांझ जाती मुद्दाम तयार केल्या गेल्या, जेणेकरून बागेतले झाड बागेबाहेर पडू नये. म्हणजे नैसर्गिक, सुपीक फुलाने विध्वंस केला आणि गुणसूत्रे बदललेल्या फुलाने तो टाळण्याची वाट दाखवली. बदलले की नाही, हा प्रश्नच त्यामुळे गौण ठरतो. फूल ज्या पाण्यात, ज्या मातीत, ज्या कीटकांमध्ये राहते त्यांच्याशी त्याचे काय नाते उरते, हा खरा प्रश्न आहे.

हा प्रश्न मांडायला आपल्याकडे एक जुनी आणि पुरेशी भक्कम कल्पना आहे. गीतेच्या तिसऱ्या अध्यायात यज्ञाचे चक्र सांगितले आहे. घेणे आणि परत देणे यांनी सृष्टी चालते, आणि जो मिळालेले परत न देता उपभोगतो त्याला तिथे सरळ चोर म्हटले आहे. मी या निबंधात जे म्हणू पाहतो ते इतकेच आहे की शोभेच्या फुलांच्या बहुगुणनाचा न्याय या कसोटीवर व्हावा. फुलाने काय दिले? रंग, गंध, आकार, आणि या सगळ्याच्या मागे असलेला कोट्यवधी वर्षांचा इतिहास, ज्यात दुप्पटी झाल्या, दुष्काळ आले, मधमाश्यांनी निवड केली. आपण परत काय देतो? आपोआप होणारे फेरफार सोडले तर बरणीत वाढवलेले रोप मूळ रोपाची हुबेहूब प्रत असते. हजार कुंड्यांत हजार झाडे नसून एकच झाड हजार वेळा असते. त्यात त्रिगुणित जात असेल तर बी नाही, म्हणजे स्वतःच्या भविष्यावर त्या फुलाची मालकीच राहत नाही. चीनच्या ईशान्येला एका कोरड्या पडलेल्या तळ्याच्या गाळात सुमारे १३०० वर्षे पडून राहिलेले कमळाचे बी रुजले होते. बियांच्या रूपाने फूल काळाशी स्वतःचा करार करते. वांझ क्लोनचा करार फक्त प्रयोगशाळेच्या वीजबिलाशी असतो. आणि घेण्याच्या बाजूला एक नोंद हमखास सुटते. कोल्चिसिन मुळात युरोपातल्या एका कंदापासून काढले गेले, पण तेच द्रव्य आपल्या कळलावीच्या कंदांत आणि बियांत आहे. कोकणात गौरीच्या सणाला मानाने आणली जाणारी, ज्वाळेसारखी लाल-पिवळी फुलणारी ही वेल नागझिरा आणि कोका अभयारण्याच्या परिसरातल्यासारख्या पानझडी जंगलांत पावसाळ्यात दिसते. तमिळनाडूत तिची शेती होते. पण औषधी वनस्पती म्हणून तिचे कंद अनेक ठिकाणी जंगलातून उपटले गेले आणि ती विरळ झाली. एका फुलाला भरदार करणारे द्रव्य जिच्या पोटात आहे, अशा रानफुलाचा ठाव पुसला जात असेल, तर तो व्यवहार कितीही सुंदर दिसला तरी चोरीचा आहे.

फुलशेती करणारा माणूस यावर विचारेल, आणि त्याचा प्रश्न रास्त आहे: धानाला भाव नाही, पावसाचा भरवसा नाही, अशा वेळी थोड्या जमिनीत झेंडू किंवा शेवंती लावून दसरा-दिवाळीत चार पैसे आले तर त्याला हे ऋणाचे तत्त्वज्ञान का ऐकवायचे? त्याला ऐकवायचे नाहीच. पोटाची गरज हीसुद्धा गरज आहे, आणि जो वाण त्याला बाजारात दिला गेला तो त्याने लावला. ऋण त्याचे नाही, वाण घडवणाऱ्याचे आणि त्यावर मालकी सांगणाऱ्याचे आहे. दुसरा आक्षेप प्रयोगशाळेकडून येतो: निसर्गच हे करत आला, तर आम्ही केले म्हणून एवढा जाब कशाला? या युक्तिवादाचा पहिला भाग मी वर स्वतःच मांडला आहे. दुसरा त्यातून निघत नाही. निसर्गात एखादे रोप दुप्पट झाले तर त्याला त्याच जागी, त्याच पावसात, शेजाऱ्यांशी झगडून टिकावे लागते. परागीभवन जमले नाही तर ते एका पिढीत संपते. ही परीक्षा हाच निसर्गाचा जाब आहे. बरणीतल्या फुलाची परीक्षा घेणारे डोळे दुसरे असतात: रंग गडद आहे का, देठ लांब आहे का, वाहतुकीत टिकते का. विक्रीच्या गुलाबांतून गंध बराचसा गेला तो असाच, कोणी वाईट चिंतले म्हणून नव्हे, तर त्या परीक्षेत वासाला गुण नव्हते म्हणून. निसर्गाची कृती उसनी घ्यायची आणि त्याची परीक्षा टाळायची असेल, तर परीक्षेची जबाबदारी घेणाऱ्यावर येते. जानकी अम्माळ यांची आठवण इथे होते. उसावर आणि पुढे इंग्लंडमध्ये मॅग्नोलियावर गुणसूत्रांचे काम केलेल्या, कोल्चिसिन स्वतः वापरलेल्या आणि १९४५ मध्ये सी. डी. डार्लिंग्टन यांच्याबरोबर लागवडीखालच्या वनस्पतींच्या गुणसूत्रांचा मोठा संदर्भग्रंथ लिहिलेल्या या बाई उतारवयात केरळच्या सायलेंट व्हॅलीचे जंगल वाचवण्यासाठी उभ्या राहिल्या. त्यांना या दोन कामांत विरोध दिसला नाही, कारण तो नाहीच.

कायद्याने हे ऋण काही अंशी ओळखले आहे, आणि धर्माचा विचार करणाऱ्यांनी ते दुर्लक्षित ठेवणे बरे नव्हे. २००१ च्या वनस्पती वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायद्यानुसार नव्या वाणावर हक्क मागणाऱ्याला मूळ वाण कुठून आणला ते जाहीर करावे लागते आणि लाभात वाटा देण्याची तरतूद आहे. २००२ च्या जैविक विविधता कायद्याने स्थानिक पातळीवर जैवविविधता व्यवस्थापन समिती आणि लोक जैवविविधता नोंदवही यांची व्यवस्था केली. प्रत्यक्षात अनेक गावांत ही नोंदवही एकदा भरून कपाटात गेली. ती जिवंत करणे हे मला देवाच्या फुलाच्या प्रश्नाचेच काम वाटते. कमळाची गुणसूत्रे सोळा आहेत, त्यांची बत्तीस करून मोठ्या पाकळ्यांचे शोभेचे कमळ कोणी तयार केले, तर ते लक्ष्मीला वाहायला काहीच हरकत नाही. पण ज्या तलावातून मूळ कंद उचलला त्या तलावात बिया धरणारे कमळ, त्यावर येणाऱ्या मधमाश्या आणि पाळेच्या कडेला आपोआप उगवणारे देवधान राहिले पाहिजे, आणि त्यासाठी बेशरम काढण्याचा, गाळ उपसण्याचा खर्च त्या वाणाच्या उत्पन्नातून निघाला पाहिजे. देवधानासारख्या रानटी धानाची किंमत धानशास्त्रज्ञांना चांगली माहीत आहे. भातावरच्या एका विषाणूरोगाला तोंड देणारा गुण जगाला उत्तर प्रदेशातल्या रानधानाच्या एका नमुन्यातून मिळाला होता. शोभेच्या फुलांच्या रानटी भावंडांबद्दल तेवढीही काळजी घेतली जात नाही, कारण त्यांच्यावाचून कोणी उपाशी मरत नाही. ढिवरांच्या मत्स्य सहकारी संस्था तलाव ठेक्याने घेतात, त्यांच्याच लोकांना कुठल्या तलावात पांढरे कमळ उरले आणि कुठून गेले हे ठाऊक असते. त्यांच्या तोंडची ही माहिती त्या नोंदवहीत तारीखवार उतरली, तर बाहेरून कंद न्यायला येणाऱ्या प्रयोगशाळेला तो कुठून उचलला आणि त्या बदल्यात तलावाला काय दिले, हे गावासमोर सांगावे लागेल.